पाच पूर्णांक दोन किलोमीटर

१८ डिसेंबर, गुरुवार. आजचं काम — तांदळाला बोरिक पावडर चोळणं. झिणी तांदळाचे दोन कट्टे होते. एक पिंपात गेला, दुसरा अर्धा परातीत तसाच पडून आहे. हात दोनदा धुतले तरी बोटांच्या चिरांतून पावडर या कागदावर उतरते आहे. काम अर्धं टाकून उठणारी बाई मी नव्हे. आज उठले.

जे लिहायला बसले आहे ते बारा वर्षांत माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. घरात नाही, कचेरीत नाही, देवापुढेही नाही — तसा माझा देवाशी फार बोलण्याचा संबंध नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसाला सांगायला जावं तर तो मधेच म्हणणार, "जाऊ दे हो कुंदाताई, एवढं काय त्यात." काय त्यात, ते शेवटपर्यंत ऐका.

पण आधी माझं काम सांगायला हवं. नाहीतर तुम्हाला वाटेल, ही बाई एका आकड्यासाठी एवढा जीव काय काढते?

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. मुरबाड तालुक्यात, धसईच्या बाजाराला ज्या गावांतून माणसं उतरतात त्यांतल्या एका गावात. एक खोली यंत्रांची, एक बॅटऱ्यांची, बाहेर ओटीवर माझं टेबल. माणसं दोन — मी आणि लाइनमन दामूदादा. आता त्या खोल्यांना कुलूप आहे, मीही पाच वर्षांपूर्वी लवकर निवृत्ती घेतली. पण एक काळ असा आला होता की गावोगावच्या लोकांना टेलिफोनच्याच तारेवरून घरात इंटरनेट हवं झालं. अर्ज यायचे. प्रत्येक अर्जावर मी लिहायचं — या घरी होईल की नाही, आणि झालं तर स्पीड किती येईल. माझ्या सहीशिवाय अर्ज पुढे हलायचा नाही.

हे गणित मला आवडायचं. खोटं कशाला बोलू? तार जितकी लांब तितका स्पीड कमी, एवढं कुणालाही कळतं. पण कुठली लांबी? घर इथून किती लांब दिसतं ती नव्हे. तार कुठून कुठून फिरून गेली आहे, ती. घराकडच्या टोकाला दोन तारा एकमेकींना जोडायच्या, एक्स्चेंजच्या टोकाला मीटर लावायचा, जे ओहम येतील त्यांना पावणेदोनशेने भागायचं. आमच्याकडच्या तारेला किलोमीटरमागे साधारण तेवढा रोध. आली लांबी. तीनच्या आत असेल तर बिनधास्त. चारला कुरकुर. पाचच्या पुढे मी "शक्य नाही" लिहायचे. त्यावर तारेची तब्येत बघायची — सांधे किती, कुठे पाणी मुरतं, जमिनीत गळती होते का.

आणि लोक! लोकांनी माझा जीव खाल्ला. तार फणसाला गुंडाळलेली, सांध्यावर दुधाची पिशवी बांधून वर सुतळी, त्याच तारेवर लुगडी वाळत घातलेली — आणि विचारणार, "म्याडम, मुंबईवानी फास्ट येल ना?" एकाने यंत्र देव्हाऱ्यात ठेवलं होतं आणि रोज त्याच्यावर ओलं फूल वाहत होता. एका घरात म्हातारीने तार मधेच कापून टाकली, कारण तिच्यावरून उंदीर घरात यायचा. या सगळ्यांना मी एकच सांगायचे — मी सांगते तेवढाच येईल, वर एक कण नाही. आणि तेवढाच यायचा. बाजारात लोक म्हणायचे, "कुंदाताईचा आकडा चुकत नाय."

ते वाक्य मी ऐकलं नसतं तर बरं झालं असतं. पण असं म्हणणं म्हणजे पुन्हा लोकांवर ढकलणं. राहू दे.

आता खरं सांगायचं तर — प्रत्येक घरी मी मोजायला जात नव्हते. कुणीच जात नव्हतं. दामूदादा एकटा, गावं वीस-बावीस, मोटारसायकल त्याची स्वतःची. मग आमची एक रीत पडली होती. नवा अर्ज आला की शेजाऱ्याचा नंबर बघायचा. शेजाऱ्याची तार आधी कधीतरी मोजलेली असते. भिंतीला भिंत लागून घर असेल तर तोच आकडा इकडे उतरवायचा. फरक पडून पडणार किती — चार-दोन मीटर? फॉर्मवर "प्रत्यक्ष मोजणी केली" असं छापलेलंच असायचं, त्याच्यापुढे बरोबरची खूण करायची. दहातल्या नऊ वेळा हे बरोबर निघायचं. म्हणूनच तर रीत पडली.

वंदनाचा अर्ज आला तो असाच.

वंदना म्हणजे वरच्या पाड्यावरची सून. तेव्हा सव्वीस-सत्तावीसची असेल. बारावी शिकलेली, अक्षर मोत्यासारखं, टायपिंगची परीक्षा दिलेली. नवऱ्याची शेती, भाताची झोडणी आटोपली की त्याला हाताला काम नाही. घरात सासू आणि चार वर्षांची मुलगी, सायली. कल्याणच्या एका कंपनीने वंदनाला घरबसल्या काम देऊ केलं होतं — छापील कागद बघून मजकूर संगणकावर भरायचा. संगणक तेच देणार होते. अट एकच. घरी टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट हवं, किमान एक एमबी स्पीडचं, आणि तेवढा येईल असा एक्स्चेंजचा दाखला पंधरा दिवसांत आणून द्यायचा.

अर्ज घेऊन ती स्वतः आली, कडेवर पोरगी. मी टेबलावरून न उठता रजिस्टर काढलं. तिच्या घराला लागून मास्तरांचं घर, त्यांच्याकडे जुना फोन. मास्तरांची लांबी — पाच पूर्णांक दोन. मी तिच्या फॉर्मवर पाच पूर्णांक दोन लिहिलं, खाली "शक्य नाही" लिहिलं, सही केली. दोन मिनिटं लागली असतील. त्यातलं एक पेन शोधण्यात गेलं.

ती म्हणाली, "ताई, एकदा येऊन बगा ना. मास्तरांची तार लय जुनी हाय."

मी म्हणाले, जुनी असली तरी लांबी बदलत नाही.

बरोबरच होतं ते. मास्तरांच्या तारेची लांबी बदलत नाही. त्यांची तार सडकेने पार पुलापर्यंत जाऊन ओढ्याला वळसा घालून मागे आली होती. पण वर्षभरापूर्वी आरोग्य उपकेंद्राला फोन दिला तेव्हा आम्ही एक नवी केबल शेतांतून सरळ नेली होती. तिचा डबा — जिथून घराघरात तार सुटते तो — वंदनाच्या घरामागच्या खांबावर होता. त्या केबलची नोंद रजिस्टरात कुणी केली होती? मीच. माझ्या अक्षरात. मास्तरांच्या नोंदीनंतर सातव्या पानावर. मला पान उलटायचा कंटाळा आला होता, की आठवलंच नाही? बारा वर्षं विचार करते आहे, सांगता येत नाही. आठवलं नाही असं म्हणणं मला सोयीचं आहे, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवत नाही.

पण चूक होते. चूक लिहायला मी आज तांदूळ टाकून बसले नसते.

वंदना चार दिवसांनी पुन्हा आली. मग पुन्हा. तिसऱ्यांदा आली तो दिवस नेमका वरच्या साहेबांच्या तपासणीचा होता. साहेब माझ्या खुर्चीत बसलेले, माझे फॉर्म चाळत होते, मी बाजूला उभी. आणि ही दारात येऊन सरळ साहेबांनाच म्हणाली — "सायेब, ताईंना सांगा, एकदाच मोजायला या. मी तुमच्या माणसाला गाडीचं भाडं देते."

मला असा राग आला! का आला? ती काही वावगं बोलली नव्हती. पण साहेबांसमोर, माझ्याच ओटीवर, माझ्या आकड्यावर शंका? मी म्हणाले — शब्द मला जसेच्या तसे आठवतात — "वंदना, मी अठरा वर्षं हेच काम करते. तुझी लाइन मी स्वतः मोजलेली आहे. बाजारात जाऊन विचार, माझा आकडा कधी चुकला आहे का."

स्वतः मोजलेली आहे. असं म्हणाले मी.

साहेब तिला म्हणाले, "बाई, या मॅडम मोजल्याशिवाय लिहीत नाहीत. यांचे फॉर्म मी दुसऱ्या एक्स्चेंजना दाखवतो." आणि खरोखरच त्यांनी माझे चार फॉर्म बॅगेत घातले. त्यांत वंदनाचाही होता.

तिने पोरीला खाली उतरवलं, पदर सारखा केला, म्हणाली, "नाय, ताई सांगतात तर खरंच असंल." आणि गेली.

त्यानंतर तीन दिवसांनी दामूदादा उपकेंद्राचा फोन दुरुस्त करून आला. पाण्याचा तांब्या तोंडाला लावायच्या आधीच म्हणाला, "म्याडम, त्या वंदनाच्या घरामागं आपला डबा नाय का? त्याच्यात तारांच्या तीन जोड्या रिकाम्या हायेत. कोरड्या ठाक. तिला तिथनं सुटंल की."

मी त्याला परत पाठवलं. म्हणाले, टोक जोड, मी इथून बघते. तो गेला, फोन केला, मी मीटर लावला. चारशे नव्वद. तारेला कुठे गळती नाही, खरखर नाही. पुन्हा लावला. चारशे नव्वद. भागाकार करायला मला कागद लागला नाही. दोन पूर्णांक आठ किलोमीटर.

एक एमबी हवा होता तिला. दोन आला असता, आणि रडतखडत नाही, भर पावसातसुद्धा.

तिच्या पंधरा दिवसांतले अजून चार दिवस बाकी होते.

इथे मी थांबून बघते नेहमी. किती सोपं होतं! फॉर्म नवा लिहायचा, दामूदादाच्या हातून तिच्या घरी पाठवायचा, म्हणायचं, अगं चुकून मास्तरांची लांबी बघितली गेली. अर्ध्या तासाचं काम. मग काय झालं मला? साहेबांच्या बॅगेतला फॉर्म डोळ्यांसमोर आला. ते विचारणार — मॅडम, तुम्ही तर स्वतः मोजली होती? आणि ही न मोजता लिहिली, तर बाकीच्या किती? बाकीच्या पुष्कळ होत्या. एक चूक मान्य केली की सगळं कपाट उघडावं लागणार. आणि बाजार? बाजारात लोक म्हणणार, "कुंदाताईचा बी चुकतो म्हणं." — याची भीती वाटली. हसायला येईल तुम्हाला. नोकरी जाण्याची भीती असती तर निदान सांगायला बरं दिसलं असतं. नोकरी कुणी घेणार नव्हतं. एक मेमो आला असता, फार तर.

दामूदादा पलीकडून विचारत होता, "म्याडम, देऊ का मग तिला जोडून?"

मी म्हणाले, "नको. त्या जोड्या उपकेंद्रासाठी राखीव आहेत."

"राखीव? कवापासनं?"

"वरून आलंय. सोड तू ते."

फोन ठेवला. आणि रजिस्टर उघडून त्या तीन जोड्यांपुढे लाल पेनाने लिहिलं — राखीव. कुणी विचारलं तर दाखवायला. कुणीही विचारलं नाही. उपकेंद्राला त्या जोड्या कधी लागल्या नाहीत. एक्स्चेंज बंद होईपर्यंत त्या डब्यात तशाच रिकाम्या राहिल्या.

चार दिवस गेले. मी रोज कचेरीत गेले, रोज जेवले.

वंदनाची ती नोकरी गेली. दोन महिन्यांनी ती वाशिंदला एका कारखान्यात पॅकिंगला लागली. इथून वाशिंद म्हणजे बस बदलत बदलत जायचं. पाळी सकाळी सहाची लागली तर घरून निघायचं कधी? म्हणून तिघी बायकांनी मिळून तिथे खोली घेतली. पोरीला तिथे कोण सांभाळणार? सायली इथे, आजीजवळ. वंदना शनिवारी रात्रीची शेवटची बस पकडायची, सोमवारी उजाडायच्या आत परत. असं पाच वर्षं. मग मुरबाडला एका दुकानात हिशेबाचं काम मिळालं तेव्हा ती घरी राहायला आली. तोपर्यंत सायली नऊ वर्षांची झाली होती आणि आजीला "आई" म्हणत होती. वंदनाला काय म्हणत होती? "वंदू." आजी म्हणायची तसं. आजही तेच म्हणते.

हे मला माहीत होतं. सगळं गाव कौतुकाने सांगायचं, हसायचं — "पोरगी आईला नावानं हाक मारते गो!" मीही हसले आहे त्यात. एकदा नाही, पुष्कळदा.

आणि वंदना? ती माझ्याशी वाईट वागली असती तर सोपं झालं असतं. पण तिने काय करावं? एकदा बाजारात भेटली, वाशिंदहून आलेली, हातात वांग्यांची पिशवी. म्हणाली, "ताई, तुमी तवा खरं सांगितलंत ते बरं केलंत. दुसऱ्या कुनी लावून दिलं असतं, नि मग स्पीड येत नाय म्हनून मी बसले असते रडत." मी तिला म्हणाले — काय म्हणाले असेन? म्हणाले, "वांगी कशी दिली?"

आता आजचं.

दुपारी मी ओटीवर तांदूळ चोळत होते. वंदना आली, बरोबर सायली. सायली आता सोळा वर्षांची, मुरबाडला अकरावीला जाते. उंच झाली आहे, वंदनापेक्षा बोटभर. आता गावात फायबरवाले फिरताहेत. काचेची तार. तिला लांबीचं काही पडलेलं नसतं. एक किलोमीटर काय, दहा काय, स्पीड तोच. माझं सगळं गणित तिने निकालात काढलं. तर सायलीला अभ्यासासाठी ते हवं आहे आणि वंदनाने तिला सांगितलं, आधी कुंदाताईंना विचारू. अजूनही! माझी नोकरी संपली, एक्स्चेंजला कुलूप लागलं, तरी बाई माझा आकडा विचारायला येते.

मी सांगितलं, खुशाल घ्या. हवा तेवढा येईल.

वंदना हसली. सायलीला म्हणाली, "बग, मी म्हनलं नवतं? ताई म्हनाल्या तर येतोच."

आणि सायली म्हणाली — रागाने नाही हो, अगदी सहज, परातीतला एक भाताचा दाणा उचलून फेकत — "हां, आता येतोय. तवा आला असता तरी तू थांबली असतीस काय गो? तुला जायचंच व्हतं."

वंदनाचा चेहरा मी बघितला नाही. मी खाली परातीत बघत होते. तिचा आवाज ऐकला फक्त. "असं नको बोलू, सायली. लाइन येतच नवती. पाच किलोमीटरच्या वर भरत व्हती. इचार ताईंना."

"तू दर टायमाला हेच सांगतेस." आणि मग सायली माझ्याकडे वळली. "मावशी, खरंच येत नवती लाइन?"

तुम्ही असता तर काय केलं असतं? नको, उत्तर नको मला. मी काय केलं ते सांगते.

मी म्हणाले, "नव्हती येत."

बारा वर्षांपूर्वी साहेब होते, फॉर्म होता, बाजार होता. आज काय होतं? ओटीवर तीन बायका आणि एक परात. मला विचारणारं, धरणारं कुणी उरलेलं नाही. नोकरी नाही, मेमो नाही. तरी जीभ आपोआप तिकडेच गेली — नव्हती येत. आणि मी वर मानसुद्धा डोलावली.

सायली म्हणाली, "बरं." पण तिने आईकडे ज्या नजरेने बघितलं त्यावरून कळलं, तिला ते पटलेलं नाही. कसं पटेल? या पोरीने वर्षानुवर्षं मनात एक ठरवून ठेवलं आहे — आईला माझ्याजवळ राहायचं नव्हतं, लाइन-बिइन बहाणा. आणि वंदनाजवळ सांगायला पुरावा एकच आहे. माझा शब्द. तोच खोटा. सगळ्यांत मोठी गंमत ही की माझा शब्द खोटा आहे हीच गोष्ट वंदनाला खरं ठरवते. लाइन येत होती. तिने ती मिळवायला तीन खेपा घातल्या, साहेबांसमोर तोंड उघडलं, पदरचं भाडं देऊ केलं. राहण्यासाठी तिने एवढं केलं होतं. हे पोरीला कोण सांगणार? माहीत असलेलं माणूस एकच आहे, आणि ते तांदूळ चोळत बसलं होतं.

दामूदादाला माहीत होतं का? त्याने राखीववर विश्वास ठेवला असं मी धरून चालले. तो गेल्या वर्षी वारला. कदाचित त्याने कधीच विश्वास ठेवला नव्हता. तो माझ्यापेक्षा हुशार होता तारांच्या बाबतीत.

त्या दोघी गेल्या आणि मी परात तशीच ठेवून उठले. चिडले आहे. कुणावर? वंदनावर — इतका विश्वास कुणी कुणावर ठेवतं का? सायलीवर — मलाच का विचारावं? साहेबांवर, फॉर्मवर, त्या मास्तरांच्या मेल्या तारेवर. सगळ्यांवर चिडून झालं. आता फिरून माझ्याच दारात आले आहे. दुसरीकडे जायला वाट नाही.

मी मोजल्याशिवाय लिहिलं. मोजल्यावर लपवलं. विचारल्यावर खोटं बोलले, आणि आज पुन्हा बोलले. याला कारण द्यायचं तर एकही धड नाही.

एवढंच लिहायचं होतं. पण इथेच थांबले तर हासुद्धा एक फॉर्मच होईल, बरोबरची खूण करून कपाटात ठेवलेला.

१९ डिसेंबर, शुक्रवार.

सकाळी साडेसहाला निघाले. सायलीची मुरबाडची बस सव्वासातची, त्याआधी दोघी घरात सापडायला हव्या होत्या. वंदना चुलीपुढे सायलीचा डबा भरत होती. सायली बॅग पाठीला लावून दाराशी चप्पल शोधत होती. वंदना म्हणाली, "या ताई, बसा, चा ठेवते."

मी बसले नाही. उंबऱ्याशी उभी राहूनच बोलले, आणि सायलीकडे बघून बोलले, कारण वंदनाकडे बघणं जड जात होतं. लाइन येत होती, म्हणाले. तुमच्या घरामागच्या डब्यातून. दोन पूर्णांक आठ किलोमीटर. तुझ्या आईने तीनदा येऊन मला मोजायला सांगितलं आणि मी मोजलं नाही. मग मोजलं, आणि आकडा लपवला. काल तुला सांगितलं तेही खोटं.

सायली म्हणाली, "म्हंजे येत व्हती."

"येत होती."

वंदनाने डब्याचं झाकण लावलं. एकदा लागलं नाही, पुन्हा लावलं. मग विचारलं, "तुमी मोजलं तवा किती दिस रायले व्हते माजे?"

ती हा प्रश्न विचारणार नाही असं मी रस्ताभर धरून चालले होते.

"चार," मी म्हणाले.

तिने मान हलवली. जणू काही दुकानात एखादा आकडा जुळला. मग सायलीला म्हणाली, "जा, बस चुकंल तुजी."

सायलीने बॅग काढून खाली ठेवली. बस खाली वळणावर हॉर्न देऊन गेली, आम्हा तिघींना ऐकू आली. सायली जाऊन चुलीजवळ बसली, आईच्या शेजारी नाही, समोर, आणि तिच्याकडे बघत राहिली.

वंदना माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमी जावा आता."

मी निघाले.